जवारीचा दोरा

मिरजेला तंतुवाद्यांच्या दुकानात बसून तंबोऱ्याची जवारी काढताना बघणं ही कानाची शिकवणी असते. कारागीर घोडीच्या माथ्यावरून कानस फिरवतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो, पुन्हा तार सैल करतो. तास जातो, दोन तास जातात. घोडी लांबून सपाट दिसते, पण तिला डोळ्याला जेमतेम कळेल इतका उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर सारखी टेकत, घासत, उठत राहते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा केसभर इकडे झाला तर तार मुकी, केसभर तिकडे झाला तर फाटकी. मध्ये एक जागा सापडते आणि तिथे तार एकदम बोलू लागते. खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार वर येतो. त्याला आपण स्वयंभू म्हणतो.

या स्वयंभू गंधाराच्या मुळाशी घासणं आहे. गिटारची तार पट्ट्यांवर अशी घासू लागली तर वाजवणारा तिला दुरुस्तीला नेतो. आपल्याकडे तेच घासणं कारागिरानं मेहनतीनं घडवायचं असतं, आणि गवयाच्या गळ्यात ते उतरलं तर ‘जवारीदार आवाज’ म्हणून त्याची वाखाणणी होते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तारेच्या ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो, तिथेच तार छेडली तर तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा तारेचा जुना नियम होता. तंबोरा आणि वीणा तो मोडतात, हे रामन यांनी दाखवलं. हातानं जे दिलेलं नसतं ते घोडी देते.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं. राग किंवा लोकगीताची चाल घेऊन तिच्याशेजारी यंत्राची कर्कश, खरबरीत खरखर ठेवणारं एक संगीत गेली काही दशकं जगभर वाजतं आहे. त्याबद्दल पहिली तक्रार नेहमी एकच असते: इतक्या गोड चालीला ही खरखर कुठून चिकटवली? मी या खरखरीचा माग काढत गेलो. प्रत्येक मुक्कामी मला यंत्राच्या आधी एक जुनं वाद्य भेटलं, आणि ते वाद्य आधीपासूनच खरखरत होतं.

पहिला मुक्काम कैरो, साल १९४४.

हलीम अल-दब्अ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. शिक्षण शेतकीचं, ओढ संगीताची. इजिप्तमध्ये ‘झार’ नावाचा विधी आहे. एखाद्या बाईला पीडा झाली, तिच्या अंगात कुणी शिरलं असं वाटलं की बायका जमतात, ढोल-डफांच्या ठेक्यावर गातात, घुमतात, आणि जे अंगात आलं आहे त्याची समजूत घालतात. आपल्याकडे देवीच्या जागरणात वारं आलेली बाई ज्यानं पाहिली आहे त्याला झार समजावून सांगावा लागत नाही. तो मेळा बायकांचा. पुरुषांना तिथे मज्जाव. हलीम आणि त्याचा एक मित्र डोकी झाकून आत शिरले. बरोबर कैरोतल्या एका रेडिओ केंद्राकडून उसना आणलेला वायर रेकॉर्डर होता. चुंबकीय फितीच्या आधीचं हे यंत्र बारीक पोलादी तारेवर आवाज टिपायचं. इथेही तारच, पण ही वाजणारी नव्हे, ऐकून ठेवणारी.

खरं काम नंतर झालं. रेडिओच्या स्टुडिओत बसून त्यानं ते ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा वाजवलं आणि घुमणाऱ्या खोल्यांतून फिरवून पुन्हा मुद्रित केलं. बायकांच्या गळ्यातला मूळ स्वर पुसत पुसत त्यानं फक्त उपस्वर शिल्लक ठेवले. शब्द गेले, चाल विरघळली. उरला तो एक लांबलचक, धातूसारखा घुमार, ज्यात माणसं आहेत हे कळतं पण कुठे आहेत ते कळत नाही. आवाजाच्या आतला आवाज त्याला हवा होता. ही रचना त्याच वर्षी कैरोत लोकांसमोर वाजवली गेली. आज ऐकायला मिळतो तो तिचा सुमारे दोन मिनिटांचा तुकडा, आणि तोही अंगावर काटा आणतो.

इलेक्ट्रॉनिक संगीताचे इतिहास बरीच वर्षं १९४८ च्या पॅरिसपासून सुरू होत असत. तिथे पिएर शेफरनं रेल्वेचे वगैरे आवाज घेऊन रचना केल्या होत्या. हलीमचं काम त्याच्या चार वर्षं आधीचं आहे. कोण पहिला यापेक्षा मला त्यानं घेतलेली वस्तू महत्त्वाची वाटते. शेफर आगगाडीकडे गेला. हलीम घुमणाऱ्या बायकांकडे. यंत्रानं आवाज फाडून बघायचा असं ठरल्यावर आपल्याच मातीतलं एक औषध-गाणं त्याच्या हाताशी होतं. पुढे तो अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रात १९५९ साली लैला-मजनूच्या कथेवर त्यानं आणखी एक विलक्षण इलेक्ट्रॉनिक रचना केली, ओहायोत अनेक वर्षं शिकवलं, आणि २०१७ साली शहाण्णव वर्षांचा होऊन गेला.

कैरोहून थेट मुंबईला यायचं. वर्ष १९५४, चित्रपट ‘नागिन’, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली पुंगी ऐकली नाही असा माणूस या देशात शोधावा लागेल, आणि ती पुंगी नव्हतीच. ते होतं क्लाव्हिओलिन. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसानं १९४७ साली बनवलेलं, पियानोच्या कडेला अडकवायचं एक छोटं वाद्य. आत व्हॉल्व्ह, बाहेर तीन सप्तकांच्या पट्ट्या आणि आवाजाची जात बदलायची बटणं. एका वेळी एकच स्वर वाजायचा. मुंबईत ते वाजवलं कल्याणजी वीरजी शहा यांनी, कल्याणजी-आनंदजी जोडीतल्या कल्याणजींनी. कच्छी घरातला, गिरगावच्या मराठी-गुजराती शेजारात वाढलेला हा तरुण. जोडीला हार्मोनियमवर रवी होते.

हे जमलं कसं, ते गारुड्याची पुंगी हातात घेतली की कळतं. वर वाळका भोपळा, खाली मेणानं बसवलेल्या दोन नळ्या. एकीला भोकं, तिच्यातून चाल. दुसरी एकच सूर धरून बसलेली. गाल फुगवून श्वास फिरवत ठेवायचा, म्हणजे सूर तुटत नाही. आणि आत पात्या थरथरत असल्यामुळे तो सूर कधीच स्वच्छ नसतो, तो नाकातून बोलल्यासारखा झणझणतो. क्लाव्हिओलिनच्या व्हॉल्व्हमधून निघणारा आवाजही तसाच, उपस्वरांनी गच्च भरलेला आणि थोडा चिरका. त्यात श्वास घ्यायची भानगड नाही. बासरीची नक्कल त्याला इतकी साधली नसती. यंत्र पुंगीच्या जवळ गेलं, कारण पुंगी आधीच यंत्राच्या जवळ होती. पडद्यावर साप आला की पुढची कित्येक दशकं हाच आवाज वाजत राहिला, इतका की खऱ्या पुंगीचा आवाज ऐकून लोकांना ती खोटी वाटावी. ‘प्रायोगिक’ म्हणून या कामाची नोंद कुठेच नाही. सिनेमाचं गाणं म्हणून ते आलं, लोकांनी ते डोक्यावर घेतलं, आणि जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त कानांना इलेक्ट्रॉनिक खरखरीची सवय लावली.

प्रयोगशाळाही होती. ती अहमदाबादला होती, साबरमतीच्या काठी.

गीता साराभाई गात, आणि पखवाज वाजवत. त्या काळात पखवाजाला हात लावणारी बाई हीच बातमी होती. पाश्चात्त्य संगीत आपल्या संगीतावर काय परिणाम करील या काळजीनं त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि १९४६ च्या सुमारास तिथे संगीतकार जॉन केजला भेटल्या. ठरलं असं, की केजनं त्यांना काउंटरपॉइंट शिकवायचा आणि त्यांनी केजला भारतीय संगीत. परतताना त्यांनी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या वचनांचा ग्रंथ दिला. केजच्या पुढच्या वाटचालीवर या भेटीची दाट सावली आहे. मग १९६९ च्या शरदात केजचा जवळचा सहकारी, पियानोवादक डेव्हिड ट्युडर अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, म्हणजे एनआयडीत आला. येताना मोग सिंथेसायझर घेऊन आला, आणि इथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. देशातल्या कित्येक गावांत तेव्हा वीज पोचायची होती, त्यामुळे कुणाला हा श्रीमंतांचा छंद वाटेल. पण त्या काळी जगातही असे स्टुडिओ मोजकेच होते, आणि त्यांतला एक आपल्या संस्थेत होता. त्याचा मला अभिमान वाटतो.

तिथे जे बसले त्यांत अतुल देसाई होते, ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकलेले गायक. आय. एस. माथुर होते, एस. सी. शर्मा होते, कोवळ्या वयाचा जिनराज जोशीपुरा होता, आणि स्वतः गीताबेन होत्या. आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती. पट्ट्यांमधली श्रुती त्याला सापडत नाही, मींड घेता येत नाही, हा आक्षेप. ती बंदी १९७१ साली सैल झाली. म्हणजे रेडिओवर हार्मोनियमला अजून पुरती वाट मिळालेली नसताना अहमदाबादेत एक गवई अशा यंत्रासमोर बसला होता, ज्याच्या मुठी फिरवून दोन स्वरांमधली हवी ती जागा गाठता येत होती. मला हे फार मोलाचं वाटतं. विद्युतदाब वाढवला की स्वर चढतो, कमी केला की उतरतो, मध्ये पट्टी नाही, पायरी नाही. गवयाला गळ्यात जे करावं लागतं तेच हे. मोग परदेशी होता आणि हार्मोनियमही परदेशीच; पण दोघांत रागाच्या जवळचा मोग होता.

ट्युडरची स्वतःची रीत तर आणखी पुढची. यंत्रातून निघालेला आवाज पुन्हा त्याच्याच तोंडात घालायचा आणि ते कुठे जातं ते ऐकायचं. किंचाळतं, घरघरतं, मध्येच गप्प होतं. माइक स्पीकरसमोर आला की सभागृहात जी किंचाळी उठते, तिचीच ही वळण लावलेली रूपं. माथुरांच्या एका रचनेचं नाव आहे ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’. कधी काळी मी तानपुरा छेडला होता, असं म्हणणारा माणूस आता ऑसिलेटर लावतो आहे. पण ज्याचा कान जवारीवर तयार झाला आहे, तो नवीन यंत्रातही आधी तेच शोधणार: एका धरलेल्या स्वरातून वर उठणारे बाकीचे स्वर.

१९७२ नंतर हे थांबलं. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटनमधल्या कलावंताच्या हाती त्या जवळजवळ अर्धशतकानं लागल्या, आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. मधल्या काळात आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक संगीत शिकणाऱ्या मुलांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. त्यांनी हे ऐकलं नव्हतं, असं काही झालं होतं याचाही त्यांना पत्ता नव्हता. हे फार वाईट झालं. मूल बापाला न बघताच वाढलं.

या सगळ्या मागोव्यात हीच गोष्ट पुन्हापुन्हा जाणवते. याला घराणं म्हणावं, तर गुरूनं शिष्याला काही दिलं असं कुठेच सापडत नाही. कैरोचं अहमदाबादला माहीत नाही, अहमदाबादचं मुंबईला माहीत नाही. आणि मुंबईचं शिकागोला माहीत नव्हतं, हे तर आता जगजाहीर आहे.

ती गोष्ट चरणजीत सिंगांची. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार, बास, ट्रान्झिकॉर्ड, सिंथेसायझर असं जे येईल ते वाजवणारा हा माणूस. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत आपण त्यांना नकळत ऐकलेलं आहे. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी एक तबकडी केली: डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती एका बाजूला. मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी दुसऱ्या बाजूला. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत झालं. वाद्यं तीन, तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची: ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३.

टीबी-३०३ वर थांबायला हवं. चांदीच्या रंगाची ही पेटी गिटारवाल्यांना सरावाच्या वेळी बासची साथ मिळावी म्हणून काढली होती. बासचा आवाज तिला जमला नाही, सूर भरण्याची पद्धत किचकट निघाली, आणि दोन-तीन वर्षांत तिचं उत्पादन बंद पडलं. पण तिच्यात दोन गुण होते. एक म्हणजे फिल्टर. त्याची मूठ पिळली की आवाज नाकात जातो, चिरकतो, चिखलात पाय रुतून निघावा तसा चपचपतो. दुसरा म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय. पहिल्याला जवारी म्हणा, दुसऱ्याला मींड. चरणजीत सिंगांनी तबला बाजूला ठेवला, ८०८ चा ठेका सरळ धरला आणि ३०३ च्या घसरणाऱ्या तुकड्यावर राग चढवला. राग धरलेल्या षड्जावर उभा असतो, त्याला सूरपट बदलत राहण्याची गरज पडत नाही. यंत्रही एकच तुकडा न थकता फिरवत राहतं. दोघांचं जमून गेलं.

शिकागोतल्या फ्युचर या त्रिकुटानं याच ३०३ च्या मुठी पिळून १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस हा प्रकार जगभर गेला. मुंबईची तबकडी पाच वर्षं आधीची. ती खपली नाही. एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला २००२ साली ती दिल्लीच्या एका दुकानात सापडली आणि २०१० साली ती पुन्हा निघाली. तेव्हा युरोपात अनेकांना ही थापच वाटली. कुणीतरी आजच्या माणसानं जुनं नाव लावून बनवलं असणार, असं ते म्हणत. चरणजीत सिंग त्यानंतर परदेशात जाऊन मैफली करून आले. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

तबकडीचं कौतुक आहे म्हणून रागाच्या बाबतीत डोळे झाकायचं कारण नाही. ३०३ ची मींड सरळ असते, तिला लागणारा वेळ ठरलेला असतो. भैरवाचा रिषभ जसा डुलतो तसा डुलवणं त्या पेटीला शक्य नाही. ललताचे दोन मध्यम शेजारी येतात, पण एकमेकांत मुरत नाहीत. राग इथे सांगाड्यासारखा उभा आहे. तरी तोडी ऐकताना पाचव्या-सहाव्या आवर्तनाला काहीतरी घडतं. ठेका तसाच, तुकडा तोच, फक्त फिल्टर हळूहळू उघडतो, आणि त्याच स्वरांच्या पोटातून नवे स्वर बाहेर येऊ लागतात. मिरजेच्या कारागिरानं दोरा सरकवला की होतं तसं.

किन्शासात वेगळ्या कारणानं हेच झालं. काँगो-अंगोलाच्या सीमेवरच्या बाझोम्बो लोकांचं लिकेम्बे हे वाद्य हातात मावेल एवढं: लाकडी पेटीवर बसवलेल्या लोखंडी पात्या, अंगठ्यांनी वाजवायच्या. पात्यांवर तारेचे वेढे सैल सोडतात, म्हणजे स्वरासोबत झणझणाट येतो. मावांगू मिंगिएदी गाव सोडून शहरात आला आणि १९६६ साली त्यानं कोनोनो क्रमांक एक हा ताफा उभा केला. शहरातल्या रस्त्यावर मोटारींच्या गोंगाटात लिकेम्बे कुणाला ऐकू जाणार? मग भंगारातल्या मोटारींच्या सुट्या भागांतली चुंबकं काढून त्यांचे माइक केले, मोठे कर्णे टांगले, आणि आवाज वाढवला. आवाज वाढला, फाटलाही. तो फाटलेला आवाज वाजवणाऱ्यांना परका वाटला नाही, कारण तारेच्या वेढ्यांचा झणझणाटच मोठा होऊन आला होता. २००४ साली त्यांची ‘काँगोट्रॉनिक्स’ ही तबकडी युरोपात निघाली, तेव्हा तिकडच्या प्रयोगशील तरुणांना वाटलं, हे तर आमचंच संगीत. ते मुळात अंत्यविधीचं, उत्सवाचं, अंगात आणणारं संगीत होतं.

आपल्या बेंजोचं याच्याशी रक्ताचं नातं वाटतं. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंग म्हणजे मुळात जपानी ताइशोगोतो, नागोयात १९१२ साली निघालेलं, टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेलं तंतुवाद्य. भारतात आलं, घराघरात बाळबोध गाणी वाजवू लागलं. मग मुंबईत आणि कोकणात कुणीतरी त्याला पिकअप बसवला आणि ते हातगाडीवरच्या कर्ण्यांना जोडलं. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी जी कोळीगीतं वाजवते, त्यांची चाल डोळे मिटून ओळखता येते, पण स्वराची कड करवतीसारखी झालेली असते. ढोलकी-ताशांच्या वर तेच चालतं. स्वच्छ आवाज गर्दीत बुडतो, करवती आवाज गर्दी कापून जातो. किन्शासाच्या रस्त्यावरचा हिशेब लालबागच्या रस्त्यावर तसाच लागू पडतो.

सीरियाच्या ईशान्येला ओमर सुलेमान लग्नांत गायचा. लग्नागणिक निघालेल्या त्याच्या कॅसेटी शेकड्यांनी होत्या. त्याच्या मागे रिझान सईद कीबोर्डवर ज्या मिजविझची नक्कल करायचा, ते मिजविझ म्हणजे दोन जुळ्या नळ्या, जरा वेगळ्या सुरात लावलेल्या, श्वास न तोडता फुंकायच्या. पुंगीची सख्खी बहीण म्हणा ना. तिथेही यंत्र पुन्हा तेच वाद्य शोधत गेलं.

शास्त्रीय बाजूनं या वाटेवर आलेले कमी, आणि त्यांच्याबद्दल माझं मन तितकं भरत नाही. कॅनडातल्या व्हेनेशियन स्नेअर्सनं २००५ साली एक हंगेरियन नावाची तबकडी केली, तिच्यात संगीतकार बार्टोकच्या तंतुवाद्यांचे तुकडे आणि चक्काचूर केलेले ड्रम आहेत. बहुतेक सगळं सात मात्रांत. आपला रूपक धरून ऐकलं तर वाट सापडते. पण तिथे व्हायोलिन आणि खरखर दोन वेगळ्या घरची राहतात. एकीची धार दुसरीतून आलेली नाही. भांडण रंगतं, पण ते नातेवाइकांचं भांडण नव्हे. बार्टोक स्वतः मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारा फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांची गाणी गोळा करत हिंडला होता. त्या नळकांड्यांचा चरचराट या तबकडीत आला असता तर मला जास्त आवडलं असतं.

आपल्याकडे तसा चरचराट होता, आणि आपण तो गाण्यासकट पाठ केला. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. गाण्याइतकाच वाद्यदुरुस्तीत त्यांचा हात होता. १९३७ साली ते गेले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख बहुतांशी भारतातल्याच जंगलांतून जगभर जायची. सुई त्या लाखेवर घासत फिरायची. माझ्या आधीच्या पिढीनं खाँसाहेबांचा जवारीदार आवाज कायम या घासण्यातून ऐकला. पुढे त्याच मुद्रणांच्या धुऊन काढलेल्या आवृत्त्या आल्या. त्यांत चरचर गेली आणि तिच्याबरोबर तंबोऱ्याचा वरचा झणकारही पातळ झाला. गाळणीला दोन्हींतला फरक कळेना.

आज ही वाट सर्वांत धीटपणे चालणारे लोक इंडोनेशियात आहेत. बालीतल्या गॅबर मोडस ऑपरंडी या जोडीत कासिमिन आणि इचान हारेम. गॅबर हा नव्वदीच्या सुरुवातीचा रॉटरडॅमचा प्रकार: ढोलाचा ठोका विजेनं इतका फुगवायचा की तो ठोका न राहता गर्जना होते, आणि वेग असा की नाचणाऱ्याला विचार करायला उसंत नाही. यांनी तो घेतला आणि त्यावर गमेलान या तिथल्या काशाच्या वाद्यमेळाचे स्वर, डांगडुट या तिथल्या लोकप्रिय गाण्यांचे ठेके आणि जाथिलानचा उन्माद ठेवला. जाथिलान हा जावातला खेळ. बांबूच्या विणलेल्या घोड्यांवर नाचता नाचता माणसाच्या अंगात येतं आणि तो काच चावतो. झार, बाझोम्बोंचा ताल, आपलं जागरण, सगळे इथे एका रांगेत बसतात. अंगात आणायचं असेल तर गोड सूर पुरत नाही, हे या सगळ्यांना माहीत असावं.

बालीच्या गमेलानमध्ये एक मुद्दाम केलेली ‘चूक’ आहे. काशाची वाद्यं जोडीनं घडवतात आणि जोडीतलं एक किंचित चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की सुरांची टक्कर होते आणि आवाज लाटेसारखा हेलकावतो. त्या हेलकाव्याला तिथे लाटच म्हणतात, ओम्बाक. सुरात लावलेलं गमेलान त्यांना मेलेलं वाटतं. कासिमिन संगणकावर स्वर फाडतो तेव्हा तो कानात असलेली लाटच उंच करत असतो, असं मला त्याचं संगीत ऐकताना वाटत राहतं. गायिका ब्यर्कनं २०२२ च्या ‘फॉसोरा’ तबकडीसाठी त्याला बोलावलं, आणि हा आवाज आइसलँडपर्यंत गेला. जावातल्या योग्यकर्ताचं सेन्यावा हे दुसरं नाव. वुकिर सुर्यादीनं जाड बांबूच्या सालींच्याच तारा काढून स्वतः घडवलेलं वाद्य आणि रुली शबाराचा गळा. वाद्याला विजेची जोड दिली की ते झाडासारखं करकरतं. त्यांनी २०२१ साली एक तबकडी एकाच कंपनीला न देता जगभरच्या चव्वेचाळीस छोट्या प्रकाशकांना वाटून दिली. वाटून खाण्याची ही रीत मला त्यांच्या संगीताइतकीच आवडते.

आता इथली गोष्ट, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल. आपल्याकडे मिरवणुकींत, वरातींत भिंतीएवढे स्पीकर लावतात. त्यांच्यासाठी मुलं घरच्या संगणकावर हलगी मिक्स, संबळ मिक्स बनवतात. गोंधळाचा संबळ घेतात, त्याचे तुकडे करतात, मध्ये भोंगा घालतात, खालून असा खर्ज सोडतात की खिडक्या थरथरतात. त्यांतलं काही फार कल्पक असतं. संबळाच्या काडीचा तडतडाट यंत्रात घालून त्याची धार काढणारा सांगली-कोल्हापूरकडचा पोरगा मला कैरोच्या हलीमचा वारस वाटतो. पण निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा त्या भिंतीसमोर पाचोळ्यासारखी उडते. म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं, तान्ही पोरं दचकून उठतात, वाजवणाऱ्याचेच कान जातात. याचं समर्थन कुणी परंपरेच्या नावानं करू नये. जवारीची खरखर शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही, तरी ती खरखर असते. धार वेगळी आणि दणका वेगळा. संबळाचं मिक्स करणाऱ्या त्या मुलाला मला एवढंच सांगायचं आहे, की तुझ्याकडे धार आहे, दणक्याशिवायही ती कापेल.

परवा गल्लीतून एक वरात गेली. तिच्यात स्पीकरची भिंत नव्हती. छोटा टेम्पो, त्यावर एक बेंजो, एक कीबोर्ड, दोन ताशे. कीबोर्डवाल्यानं ‘नागिन’ची धून धरली. डाव्या हातानं तो स्वर वाकवणारं चाक फिरवत होता, टेम्पोवरचा कर्णा चिरकत होता. पुंगीचा आवाज व्हॉल्व्हमध्ये गेला होता, व्हॉल्व्हमधून तबकडीवर, तबकडीवरून या स्वस्त कीबोर्डमध्ये. एक जण फणा काढून रस्त्यावर लोळू लागला. नवऱ्या मुलाचा मामा पुढे आला, त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला, एक टोक दातांत धरलं, दुसरं दोन्ही हातांत ताणलं, आणि गाल फुगवून, श्वास न तोडता, तो रुमाल वाजवू लागला.